गोंडलच्या दोन नागरिक

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. परंतु सवंगड्यांसह कल्पित राज्ये वसवण्याचा नाद त्याहून पुष्कळ जुना आहे. १८२६च्या जूनमध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून मुलासाठी लाकडी शिपाई आणले. चारही भावंडांनी त्यांना नावे दिली, राज्ये दिली. पुढे शार्लट व ब्रॅनवेल अँग्रियात रमले. एमिली आणि अ‍ॅन यांनी स्वतंत्र गोंडल वसवले. १८४५ साली यॉर्कच्या प्रवासात, पंचविशी गाठलेल्या या बहिणी गोंडलमधील पात्रे झाल्या होत्या, अशी एमिलीची नोंद आहे. गोंडलचे गद्य आज उपलब्ध नाही. कविता उरल्या, १८४६ साली त्यांतील काही छापताना गोंडलच्या खुणा पुसल्या गेल्या. डिसेंबर १८४८मध्ये एमिली गेली, पाच महिन्यांनी अ‍ॅन. त्यानंतर त्या राज्याच्या वाटा ठाऊक असलेले कोणी उरले नाही.