लोणावळ्याची चिक्की, पोस्टाची व्हीपी आणि मोबाइलमधलं दुकान

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी काहीतरी तयार होतं आणि कुणीतरी एकदा तरी म्हणालंय, "अगं, हे ऑनलाइन टाक की!" मग ते मावळातल्या शेतातलं इंद्रायणी तांदळाचं पोतं असो, नाहीतर आईच्या हातची चिक्की. ऑनलाइन टाकायचं म्हणजे नेमकं कुठे टाकायचं? त्याचं उत्तर शोधायला आपण थोडं मागे जाऊया, बोरघाटात.

१८५६ मध्ये बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं. कंपनी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. जवळपास २५ किलोमीटरची चढण, २५ बोगदे आणि १८६१ च्या सुमारास कामावर ४० हजारांहून जास्त मजूर. १८६३ मध्ये घाट खुला झाला. चिक्कीच्या धंद्यातले लोक सांगतात, की या काळात गूळ-शेंगदाण्याचा खाऊ मजुरांच्या पोटाला आधार होता आणि त्यातूनच पुढे चिक्की आली. ही ऐकीव गोष्ट आहे, पण पुढचं मात्र कुणीही बघू शकतं. घाट चढायला गाडीला जास्तीची इंजिनं लागतात. ती कर्जतला जोडायची आणि लोणावळ्याला सोडायची. म्हणजे गाडी थांबणार. गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर येणार. कर्जतचा वडा आणि लोणावळ्याची चिक्की या थांब्यांवरच मोठी झाली.

आता यातली गोम बघा. गिऱ्हाईक चिक्कीवाल्यानं आणलेलं नव्हतं, रेल्वेनं आणलेलं होतं. फलाटावर कोण विकणार, हेही रेल्वेच ठरवणार. पुढे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि गावात न शिरताच पुण्याला जाता यायला लागलं. रस्ता बदलला की गिऱ्हाईक बदलतं. दुकान तुमचं असतं, वाट दुसऱ्याची असते.

मग गिऱ्हाईक दाराशी येत नसेल, तर माल त्याच्या दाराशी पाठवायचा. ही आयडिया ॲपवाल्यांची आहे असं वाटतं ना? नाही! भारतात १८७७ मध्ये पोस्टानं व्ही.पी.पी. सुरू केली. आपले आजोबा तिला नुसतं 'व्हीपी' म्हणायचे. विक्रेत्यानं पार्सल टाकायचं, पोस्टमननं ते दारात द्यायचं, पैसे घ्यायचे आणि पोस्टानं ते विक्रेत्याला पोचवायचे. थोडक्यात, कॅश ऑन डिलिव्हरी. पुस्तकं, औषधं, घड्याळं, सगळं असं जायचं. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झालं आणि २०१० मध्ये त्यांनी घरपोच रोख पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या पद्धतीचं वय १३३ वर्षं होतं.

मात्र एक फरक आहे, आणि आजचा सगळा मुद्दा तिथेच आहे. पोस्टानं शुल्क घेतलं, पण तुमची चिक्की किती खपते हे बघून स्वतःची चिक्की कधी काढली नाही. तुमच्या पार्सलच्या आधी दुसऱ्याचं पार्सल दाखवलं नाही.

२०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आलं आणि त्याच वर्षी फ्लिपकार्टही बाहेरच्या विक्रेत्यांना जागा देऊ लागलं. ही दुकानं रेल्वे, पोस्ट आणि बाजारपेठ तिन्ही एकदम आहेत. गिऱ्हाईक ते आणतात, माल पोचवतात आणि यादीत वर कोण दिसणार हेही ठरवतात. म्हणून सरकारला लक्ष घालावं लागलं. परदेशी गुंतवणूक असलेल्या अशा बाजारपेठेनं आपला हिस्सा असलेल्या कंपनीचा माल तिथे विकू नये, हा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगानं दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. तिकडे युरोपात, विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही, असं वचन ॲमेझॉनला डिसेंबर २०२२ मध्ये द्यावं लागलं.

म्हणजे ऑनलाइन विकूच नये का? तसं नाही. पुण्या-मुंबईबाहेरचं गिऱ्हाईक घरबसल्या मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात अशा बाजारपेठेवर माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही, नुसतं पोर्टलवर नाव नोंदवून चालतं. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी मात्र हवीच.

पण दोन गोष्टी आधी करा. पहिली, हिशोब. तांदूळ जड आणि स्वस्त. समजा किलोला १२० रुपये लावले आणि कमिशन, पाठवणी, परत आलेला माल यात ५० गेले, तर हातात ७० उरले. मग गावच्या व्यापाऱ्यापेक्षा किती जास्त मिळाले? चिक्की हलकी आणि किलोमागे महाग, तिचं गणित वेगळं बसतं.

दुसरी गोष्ट, नाव. लोणावळ्यात एकाच नावाच्या किती पाट्या आहेत ते तुम्ही पाहिलंच असेल. खरं दुकान कुठलं, हे विचारत पर्यटक फिरतात. इंद्रायणीचंही तसंच. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालं आणि १९८७ मध्ये प्रसारित झालं. पण ते वाणाचं नाव आहे, कुणीही कुठेही पिकवून त्याच नावानं विकू शकतं. मोबाइलवर तर त्या पाट्या बोटाच्या एका टिचकीवर शेजारी शेजारी दिसतात. म्हणून पिशवीवर तुमचं स्वतःचं नाव हवं, गावाचं नाव हवं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो. तांदूळ आणि चिक्की दोन्ही वर्ग ३० मध्येच येतात. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते.

रेल्वेचा थांबा हलू शकतो, रस्ता वळू शकतो, ॲपचा नियम एका रात्रीत बदलू शकतो. गिऱ्हाईकानं नाव लक्षात ठेवलं असेल तर ते दुसऱ्या वाटेनंही तुमच्याकडे येतं.

तुमच्या घरात विकण्याजोगं काय तयार होतं? ते आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!