तीन पेन्सांचा कर

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकून दिल्या, ही ती गोष्ट. त्या का फेकल्या असे विचारले तर उत्तर मिळते की, इंग्रज सरकारने चहावर जबर कर बसविला होता म्हणून. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे एवढेच आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या चहावरून हा वणवा पेटला तो महाग झालेला नव्हता. तो पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता.

१७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा फ्रेंचांचा कॅनडा इंग्रजांच्या हाती आला, आणि त्याबरोबर सुमारे १३ कोटी पौंडांचे कर्जही डोक्यावर आले. अमेरिकेतील तेरा वसाहतींच्या रक्षणासाठी फौज ठेवायची, तर त्या खर्चाचा काही वाटा वसाहतवाल्यांनी उचलावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटले. ही मागणी वरवर पाहता अन्यायाची नव्हती. खुद्द इंग्लंडातील माणूस बोस्टनच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक कर भरीत होता. परंतु बोस्टनकराचे म्हणणे निराळे होते. आमच्यावर कर बसवायचा तर तो आमच्या प्रांतिक सभेने बसवावा. ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस बसत नाही तिला आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार काय? यावर इंग्रजांचे उत्तर असे की, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या शहरांचाही पार्लमेंटात सभासद नाही, म्हणून का ती कर भरीत नाहीत? आता, घरात एकावर अन्याय होतो म्हणून तो दुसऱ्यावरही व्हावा, हा युक्तिवाद कोणाला पटणार!

१७६५ साली मुद्रांकाचा कायदा आला. वर्तमानपत्रे, कोर्टाचे कागद, एवढेच काय, खेळण्याच्या पत्त्यांवरही सरकारी छाप हवा असे ठरले. वसाहतींत असा गदारोळ उडाला की वर्षाच्या आत, मार्च १७६६ मध्ये, तो रद्द करावा लागला. लोकांनी दिवाळी केली. परंतु त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक छोटा कायदा मंजूर करून टाकला होता. वसाहतींसाठी वाटेल त्या बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. या कायद्याला आम्ही फार महत्त्व देतो. कर गेला, पण हक्क सोडला नाही. पुढे १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली, आणि १७७० मध्ये तीही उठली. फक्त चहावरची पौंडामागे तीन पेन्सांची जकात राहिली. ती ठेवावी की न ठेवावी यावर इंग्रज मंत्रिमंडळात मते पडली, आणि एका मताच्या फरकाने ती राहिली. उत्पन्न नगण्य होते. ती राहिली ती हक्काची खूण म्हणून.

आता १७७३ सालाकडे वळू. मराठी माणसाला हे साल नारायणराव पेशव्यांच्या खुनामुळे ठाऊक आहे. त्याच साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी दिवाळे काढण्याच्या बेतात होती. बंगालची दिवाणी हाती येऊन आठ वर्षे झाली होती, नोकर गबर झाले होते, १७७० च्या दुष्काळात बंगाल उजाड झाला होता, आणि कंपनीची तिजोरी मात्र रिकामी! तिच्या वखारींत दीड कोटी पौंडांहून अधिक वजनाचा चिनी चहा पडून होता. सरकारने कंपनीला १४ लाख पौंड कर्ज दिले. तिच्या कारभाराला वेसण घालण्यासाठी रेग्युलेटिंग ॲक्ट केला, ज्याने मुंबईचे इंग्रज कलकत्त्याच्या नजरेखाली आले. आणि साठलेला चहा खपावा म्हणून चहाचा कायदा केला. आपण पहिला कायदा पाठ करतो आणि दुसरा अमेरिकेच्या इतिहासात ढकलतो. वास्तविक दोन्ही एकाच दुखण्यावरची औषधे होत.

चहाच्या कायद्याने कंपनीला आपला माल स्वतःच्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली, आणि इंग्लंडातील जकात परत मिळू लागली. त्यामुळे हा चहा चोरट्या डच चहाशीही टक्कर देऊ शकला असता. तीन पेन्स मात्र कायम होते. स्वस्त मिळतो म्हणून लोक चहा पितील, आणि पिता पिता तीन पेन्सांचा हक्क मान्य करतील, असा हा हिशेब होता.

तो तिकडे ओळखला गेला. फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी ‘रस्टिकस’ या टोपणनावाने एक पत्र छापले. त्यात कंपनीने आशियात काय केले याची आठवण त्यांनी करून दिली: लाखो माणसे भुकेने मेली ती काही पीक बुडाल्यामुळे नव्हे, तर कंपनीच्या मक्तेदारीमुळे, आणि आता हीच मंडळी अमेरिकेकडे वळली आहेत. बंगालच्या दुष्काळाचा धाक अमेरिकेच्या घराघरांत घातला जावा, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते.

डार्टमाउथ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबर १७७३ रोजी बोस्टनला लागले. मागून एलिनॉर आणि बीव्हर आली. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त व्हायचा, असा नियम. लोक म्हणाले, जहाजे परत पाठवा. गव्हर्नर हचिन्सन म्हणाले, जकात भरल्याशिवाय परवाना नाही. त्यांचे दोन मुलगेच कंपनीचे अडते होते, हेही सांगून ठेवले पाहिजे. १६ डिसेंबरला ओल्ड साउथ प्रार्थनामंदिरात सुमारे पाच हजार माणसे जमली. शेवटची विनंती घेऊन जहाजमालकातर्फे तरुण रॉच गव्हर्नरकडे गेला, आणि अंधार पडल्यावर नकार घेऊन परतला. त्यानंतर तोंडाला काजळी फासलेले, मोहॉक इंडियनांचे सोंग घेतलेले लोक धक्क्यावर गेले. तीन तासांत ३४२ पेट्या फुटल्या, ९२ हजार पौंड वजनाचा चहा पाण्यात गेला. दुसऱ्या कशालाही हात लागला नाही. एक कुलूप फुटले होते, ते दुसऱ्या दिवशी भरून देण्यात आले.

यात सगळेच साधुपुरुष होते असे मात्र समजू नये. चोरट्या चहावर गबर झालेले व्यापारी या चळवळीत होते, आणि स्वस्त चहाने त्यांचे पोट मारले जाणार होते. तथापि केवळ त्यांच्या पोटासाठी पाच हजार माणसे डिसेंबरच्या थंडीत ताटकळत राहिली असे आम्हांला वाटत नाही.

शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बोस्टनचे बंदर बंद झाले. उपासमारीने एक शहर वाकवावे हा हेतू. पण इतर वसाहतींनी धान्य, तांदूळ, मेंढरे पाठविली, आणि सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. पुढचे आपणांस ठाऊक आहे: एप्रिल १७७५ ची लेक्झिंग्टनची चकमक, ४ जुलै १७७६ चा जाहीरनामा, साराटोगाचा विजय, १७७८ मध्ये फ्रान्सची मदत. त्या लढायांच्या तपशिलात आम्ही शिरत नाही.

मात्र एक गोष्ट टाळता येत नाही. सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारे जेफर्सन गुलामांचे मालक होते. या तेरा वसाहतींतील सुमारे पंचवीस लाख माणसांत पाच लाख गुलाम होते. मसुद्यातील गुलामांच्या व्यापारावरचा परिच्छेद काँग्रेसने गाळून टाकला. उलट व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डन्मोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केले की, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त होतील. त्यांपैकी शेकडो पळून त्याला जाऊन मिळाले. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य कोणत्या बाजूला होते, याचे उत्तर देणे बोस्टनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्यांना सोपे गेले नसते.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. आजाराचे निमित्त करून त्याने आपली तलवार दुसऱ्याच्या हाती पाठविली. सात महिन्यांनी इकडे सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी चाललेले कंपनीचे युद्धही संपले. १७८६ मध्ये तोच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणापुढे त्याच्या छावणीशेजारी हरिपंत फडक्यांची छावणी होती. दुसऱ्या वर्षी त्याने बंगालच्या जमिनीचा सारा कायमचा ठरवून टाकला. या वेळी पार्लमेंटात आमचा माणूस कोठे आहे असे विचारणारी सभा बंगालमध्ये नव्हती. १८०५ साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि काही महिन्यांतच गाझीपूरला वारला. त्याची कबर तेथे गंगेच्या काठी आहे.