वास्तुसुलभता आणि अपवादाचे कलम : अपंगविषयक कायद्यांच्या इतिहासातील एक सूत्र

अपंग व्यक्तीला सार्वजनिक इमारतीत प्रवेश करता येत नाही, तेव्हा त्याचे कारण तिच्या शरीरात शोधावयाचे की इमारतीच्या रचनेत, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलले. हा बदल बहुधा तंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु उतरणीचा मार्ग, रुंद दार आणि हाताला आधार देणारा कठडा यांत नवे तंत्र काहीच नाही. तोफा आणि मालाच्या गाड्या यांच्यासाठी उतरणी बांधणाऱ्या समाजांना ती कला पूर्वापार अवगत होती. उणीव होती ती बंधनाची. अमेरिका, ब्रिटन आणि भारत या तीन देशांतील कायदे एकत्र वाचले असता असे दिसून येते की, सुलभतेचे भवितव्य मूळ नियमाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या नियमाला जोडलेल्या अपवादाने ठरविले.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू इलिनॉय विद्यापीठात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना उच्च शिक्षण घेता यावे म्हणून 1948 साली टिमोथी न्यूजेंट यांनी गेल्सबर्ग येथे एक कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी तेथील शाखा बंद झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी निदर्शने केली आणि कार्यक्रम अर्बाना-शँपेन येथे हलविण्यात आला. तेथे इमारतींना उतरणी जोडल्या गेल्या; चाकांची खुर्ची आत घेऊ शकतील अशा बसगाड्याही धावू लागल्या. या अनुभवाच्या व संशोधनाच्या आधारे 1961 मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. उतरणीची चढण बारा फूट लांबीस एक फुटाहून अधिक नसावी, दाराची मोकळी रुंदी किमान 32 इंच असावी, खुर्ची वळविण्यास सुमारे 60 इंचांची जागा मिळावी, अशी मापे त्यात होती. या मापांचे महत्त्व केवळ बांधकामापुरते नव्हते. जी गोष्ट तोवर तक्रार म्हणून ऐकली जाई, ती आता मोजपट्टीने तपासता येऊ लागली. तथापि हे प्रमाणक ऐच्छिक होते. ते न पाळणाऱ्यास कोणी जाब विचारणार नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी 1968 साली अमेरिकी काँग्रेसने वास्तुअडथळ्यांविषयीचा कायदा संमत केला. संघराज्याच्या पैशातून बांधलेल्या अथवा भाड्याने घेतलेल्या इमारतींना तो लागू झाला. परंतु त्याच्या पालनावर देखरेख करणारे मंडळ 1973 च्या पुनर्वसन अधिनियमानेच अस्तित्वात आले. त्याच अधिनियमाच्या 504 व्या कलमाने सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थांना अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली, पण त्यासाठी लागणारे नियम वर्षानुवर्षे रेंगाळले. एप्रिल 1977 मध्ये अपंग नागरिकांनी सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी कार्यालयात ठाण मांडले आणि सुमारे चार आठवडे ते सोडले नाही. नियमांवर स्वाक्षरी झाली ती या काळातच. 1990 च्या कायद्याने हे बंधन जनतेसाठी खुल्या असलेल्या खाजगी व्यवसायांपर्यंत नेले. जुन्या इमारतींना त्यात सवलत होती. नव्या बांधकामाला मात्र रचनेच्या दृष्टीने अशक्य असल्याखेरीज सूट नव्हती.

ब्रिटनमध्ये आरंभ झाला तो वास्तुशास्त्राच्या ग्रंथाने. पोलिओमुळे स्वतः अपंग झालेले वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांचा या विषयावरील मार्गदर्शक ग्रंथ 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नॉर्विच शहरात त्यांनी चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या अडचणी समजावून घेतल्या. पदपथांच्या कडा ठराविक ठिकाणी उतरत्या करण्याचा तेथील प्रयोग याच अभ्यासाशी निगडित आहे. 1970 च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत अपंगांची सोय करण्याचे कर्तव्य घातले खरे, परंतु ते ‘परिस्थितीनुसार व्यवहार्य आणि वाजवी असेल तेथवर’ अशा आशयाच्या मर्यादेसह. व्यवहार्य काय हे ठरविणारा प्रायः इमारत बांधणाराच असल्याने कर्तव्याचे रूपांतर सदिच्छेत होण्यास वेळ लागला नाही.

उद्यानांच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती उद्यानात 1955 साली अंधांसाठी सुगंध-उद्यान उघडण्यात आले. ॲलिस आयरीस यांनी त्याची आखणी केली. वाफे जमिनीपासून उंच बांधलेले, त्यांत सुवासाच्या व स्पर्शाने ओळखू येणाऱ्या वनस्पती आणि ब्रेल लिपीतील फलक, अशी त्याची रचना. वाफा उंच केल्याने खुर्चीत बसलेल्याचाही हात झाडापर्यंत पोहोचतो, हा त्याचा मोठा लाभ. तरीही विशेष उद्यानाच्या या कल्पनेतून एक नवी विभागणी संभवते : अपंगांसाठी राखलेला एक कोपरा आणि उरलेली बाग इतरांची. एका कोपऱ्याच्या उत्तमपणाने संपूर्ण बागेचे कर्तव्य फिटत नाही.

भारतात 1995 च्या अधिनियमाने सार्वजनिक इमारतींत उतरणी आणि खुर्चीने वापरता येतील अशी स्वच्छतागृहे असावीत असे म्हटले. पण ‘आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत’ अशी अट घातली. ब्रिटिश कायद्यातील मर्यादेशी तिचे साम्य उघड आहे. या मर्यादेचे वास्तव 2001 मध्ये दिसून आले. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले असता त्यांच्यासाठी काही स्मारकांवर तात्पुरत्या लाकडी उतरणी बसविण्यात आल्या. म्हणजे क्षमता होती. सामान्य नागरिकासाठी ती वापरण्याचे बंधन नव्हते. मुंबईजवळील घारापुरीच्या पायऱ्यांवर चालू न शकणाऱ्या प्रवाशाला डोलीतून वर नेतात. लेणी त्याला पाहावयास मिळतात हे खरे, परंतु दुसऱ्याच्या खांद्यावरून होणाऱ्या प्रवेशाला स्वतंत्र प्रवेश म्हणता येणार नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही आर्थिक मर्यादा प्रवेशयोग्यतेच्या कलमातून दूर केली आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. परंतु अपवाद दुसऱ्या वाटेने परतला. 2017 च्या नियमांतील 15 व्या नियमाने ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला, त्यांची भाषा पुष्कळ ठिकाणी शिफारशीची होती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. सक्तीचे किमान नियम मार्गदर्शक तत्त्वांपासून वेगळे काढून तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. 1961 च्या ऐच्छिक प्रमाणकापासून चालत आलेला प्रश्न येथे पुन्हा न्यायासनापुढे उभा राहिला होता.

यावरून प्रत्येक अपवाद अप्रामाणिक असतो असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. लेण्याचा कातळ फोडून उद्वाहक बसविणे हा वारशाचा नाश होय. पण कातळ कापता येत नाही हे एक कारण, आणि खर्च नको हे दुसरे. कायद्याच्या मोघम भाषेत ही दोन्ही एकाच शब्दाखाली लपतात. अडथळा कोणता, त्यावर पर्याय कोणते तपासले आणि ते का नाकारले, हे लिहून देण्यास लावणारा अपवाद परीक्षेस उतरतो. केवळ ‘शक्य तेवढे’ म्हणणारा उतरत नाही. म्हणून वास्तुसुलभतेच्या अभ्यासकाने उतरणींची संख्या मोजण्यापूर्वी कायद्यातील अटींचे शब्द वाचावेत. दार कोणासाठी उघडले जाणार आणि कोणासाठी बंद राहणार, याचा निर्णय पुष्कळदा त्या शब्दांतच होऊन गेलेला असतो.