द्रवणांकाची कुळकथा

सुपा, पारनेर किंवा नगरकडच्या मुलाने बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले की प्रात्यक्षिकात कधीतरी त्याच्या हाती एक निनावी पांढरी भुकटी येते. ती काय आहे हे त्यानेच शोधायचे असते. पांढऱ्या भुकट्या शेकडो. त्यांतली नेमकी एक ओळखायला मोठा आधार द्रवणांकाचा, म्हणजे ती कोणत्या तापमानाला वितळते त्याचा. प्रयोगशाळेच्या बोलीत द्रवणांक मोजण्याला ‘एमपी (मेल्टिंग पॉइंट) काढणे’ म्हणतात. काचेच्या केशनळीचे, म्हणजे कॅपिलरीचे, एक टोक बर्नरवर धरून बंद करायचे. तिच्यात किंचित भुकटी ठोकून बसवायची, कॅपिलरी थर्मामीटरच्या फुग्याला लगटून बांधायची आणि लिक्विड पॅराफिनमध्ये सावकाश तापवायची. वितळायला सुरुवात कधी झाली आणि शेवटचा कण कधी वितळला, हे दोन आकडे टिपायचे.

या साध्या कृतीची मुळे दोन शतकांहूनही मागे जातात. फॅरनहाइटने 1714 मध्ये पाऱ्याचा भरवशाचा थर्मामीटर केला, त्यामुळे तापमान आकड्यात मांडता येऊ लागले. पण त्या आकड्यावरून पदार्थाची शुद्धता पारखायची पद्धत रसायनशास्त्रात रुजवली ती फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल यांनी. 1811 च्या सुमारास ते डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा अभ्यास करू लागले. साबणावर आम्ल घातले की मेदाम्ले सुटी होत. शेव्हरल ती अल्कोहोलमध्ये विरघळवून पुन्हा स्फटिकरूपात काढत आणि दर खेपेला द्रवणांक पाहत. तो बदलत असेल तर पदार्थात अजून भेसळ आहे. कितीही वेळा स्फटिक काढले तरी बदलत नसेल तर पदार्थ शुद्ध, ही त्यांची कसोटी. 1823 मध्ये त्यांचा मेदांवरचा ग्रंथ निघाला.

पुढे याच कसोटीने तिच्या प्रवर्तकाचीही चूक दाखवली. शेव्हरल यांनी ‘मार्गारिक आम्ल’ म्हणून जे वेगळे केले होते, ते 1850 च्या दशकात जर्मनीच्या विल्हेल्म हाइन्ट्स यांनी मिश्रण ठरवले. पामिटिक आम्ल 63 अंश सेल्सिअसला वितळते, स्टिअरिक 69 ला. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळली की मिश्रण मात्र 55 च्या आसपास, म्हणजे दोघांच्याही आधी, वितळते. भेसळीने द्रवणांक खाली येतो, हा धडा त्यातून पक्का झाला. अनोळखी पदार्थ माहितीच्या पदार्थात मिसळून पाहण्याची युक्ती याच तत्त्वावर चालते. द्रवणांक घसरला नाही तर दोन्ही एकच असण्याची शक्यता बळावते. घसरला तर ते वेगळे.

मग प्रश्न उरला तो सारखी उष्णता देण्याचा. तेलाचे किंवा आम्लाचे पात्र खालून तापवले की एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी तापे आणि सतत ढवळावे लागे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहानेस थीले यांनी 1907 मध्ये बाजूला वाकडा हात असलेली नळी पुढे आणली. त्या हाताला आच दिली की गरम तेल वर चढते, थंड तेल खाली येते आणि ढवळल्याविना तापमान सारखे राहते. थीले नळी आजही महाविद्यालयांच्या कपाटांत सापडते.

द्रव पदार्थांसाठीही वाट निघाली. द्रवापासून घन डेरिव्हेटिव्ह, म्हणजे साधित संयुग, तयार करून त्याचा द्रवणांक काढायचा. अ‍ॅसिटोन हा द्रव. पण त्याचे 2,4-डीएनपी (डायनायट्रोफेनिलहायड्राझोन) डेरिव्हेटिव्ह 126 अंशांना वितळते आणि अ‍ॅसिटोनची ओळख पटते.

या आकड्याचा मोठेपणा सुप्याच्या पठारावर चांगला कळतो. हे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. हवेचा दाब कमी असल्यामुळे इथे पाणी 100 नव्हे, तर 98 अंशांच्या आसपासच उकळते. द्रवणांकाला मात्र एवढ्या फरकाने धक्का लागत नाही. लागतो तो इतका सूक्ष्म की आपल्या थर्मामीटरवर दिसत नाही. बेंझोइक आम्ल मुंबईच्या किनाऱ्यावर 122 अंशांना वितळते आणि सुप्यातही 122 लाच. म्हणून तर दूरदेशी कोणी काढलेला आकडा पारनेर तालुक्यातल्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतो.

औषधांची पारखही या आकड्यावर होते. औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या भारतीय औषधकोशाची पहिली आवृत्ती 1955 साली निघाली. औषधकोशांत पॅरासिटामॉलचा द्रवणांक 168 ते 172 अंशांच्या दरम्यान दिलेला आढळतो.

आता कारखान्यांच्या प्रयोगशाळांत स्वयंचलित यंत्रे हे काम करतात. तरी ज्या मुलांच्या हाती अजून कॅपिलरी आहे त्यांना एकच सांगणे: द्रवणांक जवळ आला की आच कमी करा, मिनिटाला एखाद-दुसरा अंशच चढू द्या, आणि जर्नलात पुस्तकातला आकडा न उतरवता डोळ्यांनी पाहिलेले दोन्ही आकडे लिहा. त्या दोन आकड्यांतले अंतरच भेसळ सांगते. ते लपवले तर प्रयोग केला नाही असेच समजा.