रेगन नव्हे, रे गन!

मंडळी, आधीच सांगून टाकतो, रोनाल्ड रेगन यांचा या लेखाशी काहीही संबंध नाही :) रे गन म्हणजे किरण-बंदूक. चाप ओढला की गोळीऐवजी किरण सुटतो आणि समोरचा मंगळवासी जागच्या जागी गायब, ती. अशी बंदूक कुणी कधी वापरली नाही, पण तिची खेळणी मात्र नव्वद वर्षांपासून बनताहेत. जुन्या खेळण्यांना अमेरिकेत भाव मिळतो, आणि भाव आला की नकला आल्याच. आता गंमत बघा, मुळात जी वस्तूच काल्पनिक, तिची अस्सल प्रत कुठली आणि नक्कल कुठली, हे ठरवायचं कसं? गेले दोन विकांत मी याच भानगडीत होतो.

आधी थोडा इतिहास. ऑगस्ट १९२८ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकात फिलिप नॉलन याची एक कथा आली. तिचा नायक रॉजर्स पाचशे वर्षं झोपून पंचविसाव्या शतकात जागा होतो. ७ जानेवारी १९२९ पासून तो 'बक रॉजर्स' नावाने वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकेत आला आणि तुफान चालला. मिशिगनमधल्या प्लिमथ गावची डेझी कंपनी छर्‍यांच्या बंदुका बनवायची. तिने १९३४ मध्ये बकचं 'एक्सझेड-३१ रॉकेट पिस्तूल' काढलं. पत्र्याचं, साडेनऊ इंच लांब, किंमत ५० सेंट. ऐन मंदीत! तरी न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात त्यासाठी रांगा लागल्या.

बकला टक्कर द्यायला १९३४ मध्येच दुसर्‍या सिंडिकेटने 'फ्लॅश गॉर्डन' आणला, आणि लुई मार्क्सच्या कंपनीने त्याची पिस्तुलं विकली. म्हणजे सरळ सरळ बकच्या यशावर डोळा ठेवून काढलेला माल. पण आज संग्राहक ती पिस्तुलं शंभर टक्के अस्सल मानतात, आणि माझ्या मते बरोबरच आहे. तो माल त्या काळचा आहे, आणि स्वतःच्या नावाने विकला गेलाय. नंतर कुणी जुन्या धर्तीवर नवं खेळणं काढलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं, तर तीही लबाडी नाही. लबाडी सुरू होते ते नाव घासून काढलं की. म्हणून जाणकार आधी बघतात की जिथे कंपनीचा शिक्का असायला हवा, तिथे पत्रा उगाच गुळगुळीत तर नाही ना.

बाकी ओळखण्याची पद्धत आपल्या डिबगिंगसारखीच आहे. "हे जुनं आहे" असं सिद्ध करत बसायचं नाही. त्यात सगळ्यात नवं काय आहे ते शोधायचं. वस्तू तिच्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही, बस्स. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू कारखान्यांत रुळला तो १९३६ नंतर, तेव्हा '१९३४ च्या' पिस्तुलात तो दिसला की प्रश्न विचारायचा. (नंतरच्या दुरुस्तीत कुणी बसवला असू शकतो, हेही खरं. एका स्क्रूवरून फाशी नको.) पेटंट क्रमांक असेल तर बघा. अमेरिकेत वीस लाखावं पेटंट ३० एप्रिल १९३५ ला दिलं गेलं. 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर काळ १९४७ ते १९५२. मात्र हा शिक्का भाव वाढवतो, म्हणून नंतरही मारला जातो. खोक्यावरच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं. नळीचं टोक भगवं केशरी असेल तर बहुधा १९८९ नंतरचं, कारण खर्‍यासारख्या दिसणार्‍या खेळण्यांना ती खूण अमेरिकेत तेव्हापासून सक्तीची झाली.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती जांभळ्या दिव्याची. पबमधल्या दिव्याखाली पांढरा शर्ट कसा चमकतो, तशी चमक आणणारी रसायनं कागदात सर्रास आली ती १९५० च्या आसपास. त्याआधीचं खोकं अंधारात तसं उजळलं, तर समजून जा. भिंगही हवंच. जुन्या पत्र्यावरची छपाई बहुतेक एकेका सपाट रंगाची, तर स्कॅन करून छापलेल्या नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसते. आणि झीज? पोरं बंदूक मुठीला आणि चापाला धरतात, रंग तिथला उडतो. आम्ल लावून 'म्हातारं' केलेलं पिस्तूल पोराचा हात पोचणार नाही अशा सांदीकोपर्‍यातही सारखंच गंजलेलं असतं.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. तर डेझीचंच उदाहरण घ्या. १९३५ मध्ये त्यांनी 'एक्सझेड-३८ डिसिंटिग्रेटर' काढलं होतं. चाप ओढला की आत गारगोटीची ठिणगी उडायची. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर युरेनियम-२३५ चा बॉम्ब पडला. आणि युद्ध संपल्या संपल्या जवळजवळ त्याच आकाराचं पिस्तूल डेझीने 'यू-२३५ अ‍ॅटॉमिक पिस्तूल' म्हणून बाजारात आणलं. एका शहराची राख झाली आणि त्या इंधनाचं नाव काही महिन्यांत पोरांच्या खेळण्यावर! यावर मी पानं भरून लिहू शकतो, पण हातातल्या वस्तूचं साल खोटं निघालं तर तो पुरावाच राहत नाही. दोन पिस्तुलांत आकाराचा फरक जवळपास नाही, म्हणून सगळी भिस्त पत्र्यातल्या अक्षरांवर. कारखान्यात दाबून उठवलेल्या अक्षरांवर मुलामा आणि झीज आजूबाजूच्या पत्र्यासारखीच असते. नंतर कोरलेली अक्षरं मुलामा कापत जातात.

१९४८ मध्ये डेझीने पुढची आवृत्ती काढली, 'यू-२३८'. आकडा मोठा, म्हणजे माल भारी, असा मार्केटिंगवाल्यांचा हिशोब असावा. प्रत्यक्षात युरेनियम-२३८ ची साखळी प्रक्रिया स्वतःहून चालूच राहत नाही.