ठासणीची बंदूक साफ करताना आधी पाणी, मग तेल! (आणि यूट्यूबवरच्या दुर्बीणवाल्या इनलाइन रायफलचं काय?)

आज विषय जरा वेगळा आहे. फोन नाही, ॲप नाही, बंदूक. तीसुद्धा तोंडाकडून दारू भरून गजाने ठासायची, जुन्या पद्धतीची.

आमचं शेत राजूरला. हो, गणपतीचं राजूर, जालना जिल्हा, भोकरदन तालुका. मका, कपाशी, सोयाबीन आणि रात्री रानडुक्कर, रोही. मामांच्या नावावर पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे, म्हणून खेड्यापाड्यात अजूनही या बंदुका दिसतात. आमच्याकडे तिचा उपयोग एवढाच, की नुसती दारू भरायची, हवेत बार काढायचा आणि कळप पळवायचा. जनावरावर बंदूक चालवायची तर वनविभागाची परवानगी लागते, आणि काळविटाच्या वाट्याला तर चुकूनही जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये तो पहिल्या अनुसूचीत आहे.

आता मूळ गोष्ट. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा निरोप आला. आदल्याच आठवड्यात रब्बी मक्यात डुकरं शिरली होती, मामांनी तीन-चार बार काढले होते. मी म्हणालो, "मामा, देण्याआधी साफ करायची का?" तर मामा म्हणाले, "आरं, निस्ती दारू व्हती. छर्रा न्हाई, काय न्हाई. त्यात काय साफ करायचं?" वरून घासलेटचा फडका मारला, नळीत थोडं तेल सोडलं आणि दिली नेऊन.

जूनमध्ये निकाल लागल्यावर बंदूक परत आली. पेरणी झाली, मका उगवला, डुकरं आली. मामांनी घोडा सोडला, टोपी फुटली, पण बार झालाच नाही. दारू आत तशीच. (अशा वेळी बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबायचं. बार उशिरा सुटू शकतो. आत काय झालं म्हणून तोंडात डोकावणं म्हणजे वेडेपणा.) शेवटी परवानाधारक दुकानदाराकडे न्यावी लागली. त्याने भरलेला बार काढला, निपल बदलली, नळीत दिवा सोडून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी दाखवलं नव्हतं का हिला?"

चूक ठाण्याची नव्हती, आमचीच होती. आणि तीच चूक मी आजूबाजूच्या बऱ्याच घरांत पाहिली आहे, म्हणून हा लेख.

नुसत्या बारानेही नळी का गंजते?

काळी दारू जळते तेव्हा तिचा सगळा धूर होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. थोडा धुराबरोबर बाहेर जातो, बाकीचा नळीत चिकटतो. ही जी काळी-करडी पुटं असतात ती नुसती काजळी नसते. त्यात पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, पोटॅशियम सल्फाइड असे क्षार असतात. धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो गंधकाचा. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ कसं पाणी सोडतं, तसंच. म्हणजे लोखंडाच्या अंगाला क्षाराचा ओला लेप बसतो. गंज धरायला एक रात्र पुरते.

छर्रा होता की नव्हता याचा इथे संबंधच नाही. दारू जळली की क्षार आले.

आता घासलेट आणि तेल. घरी एक प्रयोग करून बघा. एका वाटीत पाणी, एका वाटीत गोडेतेल घ्या आणि दोन्हींत चिमूटभर मीठ टाका. पाण्यातलं विरघळेल, तेलातलं तळाशी बसून राहील. घासलेट, पेट्रोल, मशीनचं तेल, सगळ्यांचं हेच. नळी वरून चकचकीत दिसते, क्षार खाली तसेच. तेल त्यांच्यावर पांघरुणासारखं बसतं आणि दारूच्या काजळीत मिसळून डांबरासारखा थर होतो. आमच्या निपलचं भोक याच थराने बुजलं होतं.

काडतुसाच्या बंदुकीचा अनुभव असलेले लोक इथे फसतात. त्यांच्या काडतुसात बिनधुराची दारू असते. ती १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने काढली. ती जवळपास सगळी वायूत जळते, क्षार फारसे उरत नाहीत, त्यामुळे तिथे तेलाच्या फडक्यावर भागून जातं. जाता जाता एक गोष्ट ठळक सांगतो: काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नका. तिचा दाब जुन्या नळीला झेपत नाही, नळी फुटते. हात जातात, डोळे जातात.

आधी रिकामी आहे का ते बघा

ठासणीच्या बंदुकीचा सगळ्यात मोठा धोका हाच. ती उघडून बघता येत नाही. टोपी नाही म्हणजे बार नाही, असं अजिबात नाही. आत महिन्यांपूर्वीची दारू ठासलेली असू शकते.

युक्ती जुनीच आहे आणि फुकट आहे. नळी नक्की रिकामी असताना गज बुडापर्यंत घाला आणि तोंडापाशी गजावर खूण करा. आमच्या गजावर लाल नेलपॉलिशची रेघ आहे. पुढच्या वेळी गज घातल्यावर रेघ तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. मग साफसफाई बंद. बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे न्या. स्वतः उकरत बसू नका, तापवायची कल्पना तर मनातही आणू नका.

आणखी एक. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात. आमच्याकडे मामा साफ करतात. मी पाणी तापवून देतो, फडके फाडतो आणि फोन धरतो. बंदुकीबरोबर रील? नको रे बाबांनो. तुमच्या दोन-चारशे लाइकसाठी मामांचा परवाना जाईल.

धुवायचं कसं

बार काढला त्याच दिवशी, फार तर झोपायच्या आधी. दुसऱ्या दिवसावर ढकललं की संपलं.

टोपी काढून टाकायची, गजाने खात्री करायची, मग पान्याने निपल सोडवायची. निपल छोट्या वाटीत साबणाच्या पाण्यात टाकून द्या. काही बंदुकांची नळी दस्त्यापासून सुटते, काहींची नाही. सुटत असेल तर काम मजेचं आहे. नळीचं बूड गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचं (पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब), गजाला सुती फडका घट्ट गुंडाळायचा आणि वर-खाली ओढायचं. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. अगदी रंगपंचमीची पिचकारी! पहिली बादली शाईसारखी काळी होते. पाणी बदला. स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा, आणि शेवटचं पाणी बिनसाबणाचं घ्या.

नळी सुटत नसेल तर दस्त्याला टॉवेल गुंडाळा, निपलचं भोक काडीने बंद करा, तोंडातून पाणी ओता, हलवा, तोंड खाली करून रिकामं करा. असं पाच-सहा वेळा. पाणी लाकडात मुरू देऊ नका, लाकूड फुगलं की तडकतं. फडकाही बेताचाच घ्या. फार जाड झाला तर आत अडकतो, आणि तो काढायला पुन्हा दुकानदाराकडे जावं लागतं.

पाणी किती गरम? हात भाजणार नाही इतकं पुरे. उकळतं पाणी वापरणारे सांगतात की नळी तापते आणि आपोआप वाळते. खरं आहे, पण तापलेल्या ओल्या लोखंडावर बघता बघता तांबूस झाक येते. त्यामुळे पाणी कोणतंही असो, लगेच कोरडे फडके मारायचे, शेवटचा फडका कोरडाठाक आणि पांढरा बाहेर येईपर्यंत. निपलच्या भोकात जोरात फुंकर मारा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा.

आता तेल. पातळ मशीन ऑइल, शिलाई मशीनला घालतात ते चालतं. फडक्यावर घेऊन एक हलका हात फिरवायचा, नळीत ओतायचं नाही. खोबरेल आणि गोडेतेल नको. खोबरेल थंडीत गोठतं, गोडेतेल काही आठवड्यांत चिकट होतं. डब्ल्यूडी-४० बद्दल बरेच जण विचारतात. १९५३ मध्ये ते बनलं तेच मुळी पाणी हटवण्यासाठी, नावातला ‘डब्ल्यूडी’ म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. धुतल्यावर उरलेली ओल काढायला छान, पण महिनोन्‌महिने राखण करायला मशीन ऑइलच बरं.

दुसऱ्या दिवशी एक पांढरा फडका पुन्हा फिरवा. तपकिरी निघाला तर कुठेतरी क्षार राहिलेत, पुन्हा पाण्यापासून सुरुवात. कंटाळा येतो, पण करा.

ठेवताना कापडात किंवा चामड्याच्या म्यानात गुंडाळून ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. तोंड किंचित खाली ठेवलं तर जास्तीचं तेल दस्त्यात उतरत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तेलाचा हात. आणि पुन्हा वापरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसायला विसरू नका, नाहीतर दारू तेलकट होऊन बार फुसका जातो.

मग ती इनलाइन रायफल?

यूट्यूबवर ‘मझललोडर क्लीनिंग’ शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ येतात. वर दुर्बीण, मागून बूड उघडतं, दोन मिनिटांत नळी आरपार साफ. बघून आपल्याला वाटतं, आपली का नाही अशी? कारण ती वेगळी जात आहे. तिथे बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो. त्यासाठी १९८५ मध्ये टोनी नाइट या कारागिराने एमके-८५ ही रायफल काढली आणि इनलाइन प्रकार लोकप्रिय झाला. आपल्या बंदुकीत टोपी बाजूला असते आणि ठिणगी वळसा घेऊन दारूपर्यंत जाते. इनलाइनमध्ये ती दारूच्या थेट मागे, नळीच्या सरळ रेषेत. नळीचं बूड आट्यांचं असतं, त्याला ब्रीच प्लग म्हणतात. नळीत पिळाच्या खाचा असतात. आपली मात्र आतून गुळगुळीत.

परदेशात राहणारे काही वाचक अशी रायफल वापरतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. नियम तोच, आधी पाणी किंवा पाणी असलेलं क्लीनर, मग तेल. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वापरत असाल तर जास्तच घाई करा, तिच्यात परक्लोरेट असतं आणि मागे क्लोराइडचे क्षार राहतात. ब्रीच प्लग प्रत्येक वापरानंतर काढा, आटे घासा आणि अँटी-सीझ ग्रीस लावून बसवा. एकदा आत धरला की निघत नाही. दुर्बिणीवर धुताना प्लॅस्टिकची पिशवी बांधा. भिंगाला तेलाचा हात लागू देऊ नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे, आणि हो, शर्टाच्या टोकाने पुसणं दोन्हीकडे वाईट! दुर्बीण आतून साफ करायला उघडू नका. धुकं धरू नये म्हणून बहुतेक दुर्बिणींत नायट्रोजन भरलेला असतो, तो निघून जाईल.

आपल्या बंदुकीवर दुर्बीण बसवायचं मात्र डोक्यातून काढा. नळीला भोकं पाडणं, फेरफार किंवा दुरुस्ती ही परवाना असलेल्या कारागिराचीच कामं आहेत, कायद्यानेही आणि शहाणपणानेही. साफसफाई तेवढी आपली.

फोन इथे कामाला येतो

ठासणीच्या नळीचं बूड बंद, त्यामुळे आत बघायची पंचाईत. मी काही शे रुपयांचा एंडोस्कोप कॅमेरा घेतला. लांब वायर, टोकाला बारीक कॅमेरा आणि एलईडी, फोनला यूएसबीने जोडायचा. घेताना दोन गोष्टी बघा: कॅमेऱ्याची जाडी नळीच्या भोकापेक्षा कमी हवी आणि तुमच्या फोनला ओटीजी चालायला हवं. नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच वायर आत सोडा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामा गप्पच झाले. बुडाजवळ, जिथे दारू बसते तिथेच, दोन खड्डे. दुकानदार म्हणाला होता की नळी अजून कामाची आहे, पण खड्डे वाढले तर ती बाद समजा, कारण दाब सगळ्यात जास्त तिथेच असतो. मी ते फोटो तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पुन्हा बंदूक जमा. या वेळी आदल्या रात्री अंगणात दोन बादल्या पाणी झालं, कोरडे फडके झाले, तेल झालं. बंदूक रिकामी असल्याचं मामांनी तिथे गज घालून दाखवलं. पावतीचा आणि बंदुकीवरच्या नंबरचा फोटो मी काढून ठेवला. मधल्या काळात मक्याची राखण आम्ही पत्र्याचे डबे बडवून आणि बॅटऱ्या मारून केली, बराच मका गेला.

निवडणूक उरकल्यावर बंदूक परत आली. घरी आल्यावर आधी गज, रेघ बरोबर तोंडाशी. मग पांढरा फडका, तो पिवळसर तेलकट निघाला, तपकिरी नाही. मग कॅमेरा सोडला आणि जुने फोटो शेजारी उघडले. खड्डे दोनच होते, तेवढेच. मामा म्हणाले, "पाणी तापव. बार काढून बघू, मंग लगीच धुवू."