मालकाची काटकसर आणि विश्वस्ताची काटकसर

मराठीत काटकसर हा गुण मानला जातो आणि कंजूषपणा हा दोष. दोन्ही शब्दांच्या मुळाशी क्रिया एकच आहे, ती म्हणजे खर्च टाळणे. भेद पडतो तो कोणाच्या वाट्याचा खर्च टाळला यावर. स्वतःच्या गरजा आवरणाऱ्याला लोक काटकसरी म्हणतात. दुसऱ्याचे देणे आवरणाऱ्याला कंजूष, चिक्कू किंवा कवडीचुंबक म्हणतात. दीर्घायुषी संस्थापकांच्या वारशाचे मूल्यमापन करताना भाषेने केलेला हा भेद उपयोगी पडतो. त्यासाठी येथे दोन उदाहरणे घेतली आहेत. एक शिकागोचे आहे, दुसरे सांगोल्याचे.

जॉर्ज हॅलस (१८९५–१९८३) हे अमेरिकन फुटबॉलमधील धंदेवाईक संघाचे मालक. १९२० मध्ये कँटन येथे मोटारविक्रीच्या एका दालनात ज्या बैठकीतून आजची नॅशनल फुटबॉल लीग उदयास आली, तीत ते उपस्थित होते. पुढच्याच वर्षी स्टार्च बनविणाऱ्या स्टेली कंपनीने आपला संघ ५,००० डॉलरसह त्यांच्या हवाली केला आणि १९२२ पासून तो ‘शिकागो बेअर्स’ या नावाने खेळू लागला. मालक, प्रशिक्षक आणि आरंभी खेळाडूही तेच होते. मंदीच्या काळात अनेक संघ बुडाले, पण हॅलस यांचा संघ तगला. त्याच्या मुळाशी पै-पैचा हिशेब होता.

तथापि हाच हिशेब खेळाडूंच्या वेतनापाशी आला की त्याचे रूप पालटे. पाच सेंटचे नाणेही ते गटारावरचे लोखंडी झाकण फेकावे तसे जड हाताने फेकतात, अशा आशयाचा माइक डिट्का या खेळाडूचा टोला प्रसिद्ध आहे. वेतनाचा वाद विकोपाला जाऊन १९६७ मध्ये डिट्का यांची दुसऱ्या संघाकडे रवानगी झाली. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लीगच्या धुरिणांपैकी एक म्हणून त्या दोषाचा वाटा हॅलस यांच्याकडेही जातो. उलटपक्षी, १९६१ च्या सुमारास दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटण्याचा प्रश्न आला, तेव्हा मोठ्या शहराचे मालक असूनही त्यांनी त्यास संमती दिली. ग्रीन बेसारख्या लहान गावाचा संघ टिकला, त्याचे एक कारण ही समान वाटणी होय. आणि ज्या डिट्कांना त्यांनी घालविले, त्यांनाच १९८२ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून परत बोलाविले.

आता सांगोला. माण नदीकाठचा हा तालुका पर्जन्यछायेत मोडतो. येथे काटकसर हा स्वभावाचा प्रश्न नसून पावसाचा आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये येथून प्रथम विधानसभेवर निवडून आले. १९७२ व १९९५ मधील पराभव वगळता ते २०१४ पर्यंत अकरा वेळा विजयी झाले. मंत्रिपद लाभूनही एस.टी.ने प्रवास करण्याची त्यांची साधी राहणी सर्वपरिचित होती. त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शेतकरी सहकारी सूतगिरणी कायद्याने सभासदांच्या मालकीची होती. ते तिचे विश्वस्त होते, मालक नव्हेत. राज्यातील अनेक सहकारी गिरण्या तोट्यात रुतत असता ही गिरणी चालू राहिली. हॅलस यांच्या बचतीने मालमत्ता वाढली. देशमुखांच्या बचतीने सार्वजनिक पैशावरील विश्वास वाढला. हा फरक लहान नव्हे.

परंतु येथेच विवेचन थांबविल्यास ते चरित्रस्तुती ठरेल. पैशाच्या काटकसरीबरोबर अधिकाराच्या वाटपातही काटकसर झाली काय, हा प्रश्न दोघांनाही विचारावा लागतो. हॅलस यांनी प्रशिक्षकपद सोडून पुन्हा घेतले, असे एकूण चार कालखंडांत, चाळीस हंगाम ते सांभाळले. त्यांच्या मृत्यूनंतर मालकी कन्या व्हर्जिनिया मॅकॅस्की यांच्याकडे गेली आणि २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत राहिली. खाजगी मालमत्तेत हे अपेक्षितच असते. सांगोल्यात मात्र मालमत्ता नव्हती, जनमत होते. तरीही २०१९ मध्ये देशमुखांनी निवडणूक न लढविण्याचे ठरविले, तेव्हा उमेदवार झाले ते त्यांचे नातू. ७६८ मतांनी त्यांचा पराभव झाला. ३० जुलै २०२१ रोजी देशमुख निवर्तले आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. त्या निवडणुकीत पक्षाला राज्यात मिळालेली जागा ही एवढीच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस शंकरराव मोरे व केशवराव जेधे यांच्यासारख्यांनी राज्यव्यापी आकांक्षेने स्थापिलेल्या पक्षाचा विस्तार असा आकसत आला.

या संकोचाची सर्व जबाबदारी एका व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे होईल. सहकारी साखर कारखानदारीभोवती उभे राहिलेले काँग्रेसचे बळ आणि पक्षातील फाटाफूट ही कारणे अधिक व्यापक आहेत. पण एवढे निश्चित की, स्वच्छ हिशेब वारशाने देता येतो, त्या हिशेबामागील विश्वास मात्र व्यक्तीला चिकटून राहतो. संस्थेत तो विश्वास नियमांच्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या आणि वेळीच सोडलेल्या खुर्चीच्या रूपाने मुरवावा लागतो. या कामी लागणारा खर्च वाचविणे ही काटकसर नव्हे. त्याला मराठीत अद्याप स्वतंत्र शब्द नाही. पण त्याची किंमत पुढील पिढीलाच भरावी लागते.